हाक आणि ओ

आईच्या शेवटच्या दुखण्यात तिची वाचा गेली. उशाशी बसून मी तिला हाका मारी. ती नुसती पाही. तिच्या मनात काय आहे, ते काही केल्या उमगत नसे. एके पहाटे तिच्या ओठांतून कसेबसे शब्द आले, "जेवलास का रे?" त्या एका प्रश्नात मला माझी सबंध आई परत मिळाली.

आमच्या शेजारी वसईकडचे एक कॅथलिक मास्तर राहतात. मी त्यांना नेहमी छेडी, "मास्तर, माणूस देवाला शोधतो, हे समजले. पण देवाने आपण होऊन माणसाशी बोलावे, हा हट्ट कशाला?" आईची हकिगत ऐकून ते म्हणाले, "आई आहे, हे तुम्हांला दिसतच होते. पण तिला तुमच्या जेवणाची काळजी लागली आहे, हे ती बोलल्यावाचून कळले असते का?"

मग त्यांनी उलगडून सांगितले. सृष्टी पाहून बुद्धीला ईश्वराचे अस्तित्व कळू शकते, असे पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० मध्ये सांगितले. मात्र त्याचे अंतःकरण त्यानेच उघडावे लागते. हेच प्रकटीकरण. ईश्वर माणसांशी मित्रासारखा बोलतो आणि येशू ख्रिस्तात ते बोलणे पूर्णत्वाला जाते, ही दुसऱ्या परिषदेची १९६५ मधली शिकवण.

मास्तरांनी दाखला दिला तो संत ऑगस्टीनचा. आजच्या अल्जीरियात ३५४ साली जन्मलेला हा बुद्धिमान पुरुष. पंथ पालटले, तत्त्वज्ञाने चाळली, तरी जिवाची तळमळ शमेना. ३८६ साली मिलानमधल्या एका बागेत तो रडत असता शेजारून बालस्वर कानी आले, उचलून वाचण्याविषयीचे. त्याने संत पौलाचे पत्र उघडले आणि त्याचा संशय फिटला. पुढल्या वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला. ही कहाणी 'कन्फेशन्स' ग्रंथात त्याने सरळ देवालाच उद्देशून लिहिली.

"पण गंमत ही," मास्तर म्हणाले, "की ती तळमळसुद्धा देवानेच हृदयात पेरलेली असते, असे आम्ही मानतो. आधी हाक त्याची. आपले शोधणे म्हणजे आपण दिलेली ओ."

मास्तरांचे सारेच मला पटले, असे नाही. पण त्या रात्री झोप येईना. आई गेली त्याला आता पुष्कळ दिवस झाले. तिला मी किती हाका मारल्या, याचाच हिशेब मी करीत बसलो होतो. हाक मारायला मला शिकवले कोणी, हे मात्र विसरलो होतो.