कात्रीची चाल

चालीवरून माणूस ओळखू येतो, असे आपण म्हणतो. वैद्यकाला चालीवरून बिघाडाची जागाही ओळखता येते. कुष्ठरोगात गुडघ्यालगतची नस निकामी झाली की पाऊल लोंबते आणि रोगी पायरी चढल्यासारखा गुडघा उंच उचलतो. कमरेचे स्नायू दुबळे झाले की चाल बदकासारखी डुलते. एका चालीचे मूळ शोधताना मात्र मला शरीरशास्त्राकडून दुष्काळाच्या इतिहासाकडे वळावे लागले.

या चालीत पाय लुळे पडत नाहीत, ताठरतात. गुडघे किंचित वाकलेले, भार चवड्यांवर, आणि प्रत्येक पावलाला एक पाय दुसऱ्याला कात्रीसारखा आडवा येतो. स्पर्श कळतो, बुद्धी शाबूत असते. बिघडलेले असतात ते मेंदूचा हुकूम पायांपर्यंत नेणारे मज्जारज्जूतले तंतू. आजाराच्या अवस्थाही काठीवरून मोजतात: बिनकाठीची, एका काठीची, दोन काठ्यांची आणि शेवटची सरपटण्याची. हा लॅथिरिझम, त्याचे कारण लाखोळीची डाळ.

विल्यम स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1844 च्या ग्रंथात सागर भागातली हकिकत नोंदवली आहे. 1829 मध्ये गारपिटीने, पुढच्या वर्षी अवर्षणाने आणि 1831 मध्ये रोगाने गहू बुडाला; लाख तेवढी तगली. लोक तिच्यावर जगले, आणि 1833 मध्ये तिशीच्या आतल्या माणसांचे पाय जाऊ लागले.

डाळीतले विषारी अमिनो आम्ल 1964 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी वेगळे केले. डाळ भिजवून, उकळून पाणी फेकले की ते बरेच कमी होते. इतर धान्यांसोबत थोडी खाल्ल्यास सहसा अपाय होत नाही. दोन-तीन महिने तीच मुख्य अन्न झाली की धोका.

पूर्व विदर्भात धान उभे असतानाच बांधीतल्या ओलीवर लाखोळी फेकतात. तिला नांगरट लागत नाही, वेगळे पाणी लागत नाही. जे पीक गरिबाला तारते, तेच इतर पिके बुडाल्यावर त्याचे पाय नेते. 1961 मध्ये केंद्राने तिच्या विक्रीवर बंदी आणली. पण घरच्या शेतातले घरच्याच ताटात येत होते, तिथे विक्रीबंदी पोहोचत नव्हती.

गेलेली चाल पूर्ववत होत नाही. म्हणून असा रोगी समोर आला, तर कुठे पडलात एवढेच विचारून भागणार नाही. गेल्या काही महिन्यांत घरात काय शिजत होते, आणि दुसरे काही का शिजले नाही, हेही विचारायला हवे.