विजेच्या नळीतील मोकळी जागा

भिंतीच्या आत गेलेली विजेची तार सहसा पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ती ज्या नळीतून जाते, तिला कॉन्ड्युइट म्हणतात. तारेचे बाहेरील आघातांपासून रक्षण करणे हे या नळीचे कार्य होय. परंतु मावतील तितक्या तारा तीत कोंबल्यास हीच नळी घातक ठरते.

याची कारणे दोन. तारा नळीतून ओढून घ्याव्या लागतात. दाटी झाल्यास वळणाशी त्या घासतात व त्यांचे निरोधक आवरण सोलवटते. दुसरे कारण उष्णतेचे. प्रवाह दुप्पट झाला की तारेत उत्पन्न होणारी उष्णता चौपट होते. सामान्य पी.व्ही.सी. आवरणाच्या तारेचे तापमान सतत 70 अंश सेल्सिअसपलीकडे राहू नये. तसे राहिल्यास आवरण कालांतराने कडक होऊन तडकते आणि आगीचा संभव उद्भवतो.

म्हणून तारांनी नळीचा किती भाग व्यापावा, याची मर्यादा ठरविलेली असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत ती एका तारेस 53, दोन तारांस 31 व अधिक तारांस 40 टक्के आहे. दोन तारांची मर्यादा सर्वांत कमी का? दोन सारख्या तारा नळीत अगदी घट्ट बसविल्या, तरी निम्मीच जागा भरते. तीन तारांनी सुमारे 65 टक्के भरते. अर्थात दोन तारांची दाटी लवकर होते.

आता हिशेब पाहू. नळीचा आतील व्यास 16 मिलिमीटर असल्यास तिच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे 201 चौरस मिलिमीटर होते; त्याचे 40 टक्के म्हणजे 80. आवरणासह 4 मिलिमीटर व्यासाच्या तारेचे क्षेत्रफळ 12.6 भरते. 80 ला 12.6 ने भागल्यास 6.3 येतात, म्हणून अशा 6 तारा घालाव्यात. येथे केवळ तांब्याचा व्यास धरल्यास उत्तर चुकते.

उष्णतेचा हिशेब मात्र निराळा करावा लागतो. एकाच नळीत पूर्ण भाराची तीन मंडले असल्यास प्रत्येक तारेची प्रवाहक्षमता 0.70 पटच धरण्याचा प्रघात आहे; 20 अँपिअरची तार मग 14 अँपिअरचीच समजावी. भारतात घरगुती वीजजोडणीचे नियम आय.एस. 732 या मानकात आहेत.

घरात नवे यंत्र आले की जुन्या नळीत आणखी एक तार सारण्याचा मोह होतो. त्यापूर्वी तारतंत्र्याने हे दोन्ही हिशेब अवश्य करावेत. नळीत राखलेली मोकळी जागा घराचे रक्षणच करीत असते.