ब्रेक हाताशी हवा

सायकलीचा ब्रेक लागत नाही, ही तक्रार आपण सगळ्यांनी केव्हा ना केव्हा केलेली असते. मग रबरे झिजली म्हणून नवी घालायची, तार सैल झाली म्हणून आवळायची, आणि काम झाले असे समजायचे. पण ब्रेक उत्तम लागतो आणि तरीही सायकल वेळेवर थांबत नाही, असे तुम्ही कधी पाहिले आहे काय? मी पाहिले आहे, आणि त्यात दोष माझाच होता. म्हणून हा विषय तुमच्यापुढे मांडतो.

मी इतिहास शिकवतो. यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. आमच्या एका विद्यार्थ्याने सोलापुरात जुन्या बाजारातून एक रेसर सायकल आणली. मेंढ्याच्या शिंगांसारखे पुढे जाऊन खाली वळलेले हँडल असते ना, तसली. पोराने गंज खरवडला, रंग दिला, नवी तार, नवी रबरे घातली. कॉलेजात असताना मी माझ्या मामांची तशीच सायकल वापरली होती, म्हणून ब्रेकचे लिव्हर बसवायला तो माझ्याकडे आला. मी ते वळणावर अगदी खाली बसवले. दिसायला मोठे ऐटबाज दिसत होते.

चौथ्या दिवशी वैरागकडे येताना ओढ्याच्या उतारावर उसाची ट्रॉली आडवी आली. पोराचे हात हँडलाच्या वरच्या सरळ दांड्यावर होते. तेथून बोटे खाली ब्रेकपर्यंत जायची तेवढ्यात अंतर संपले. हासळीचे हाड मोडले. थोडक्यात निभावले म्हणायचे. हात गळ्यात बांधून तो भेटायला आला तेव्हा एकच वाक्य बोलला: “सर, ब्रेक चांगला होता, पण सापडला नाही.”

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. मग मी या गोष्टीचा मुळापासून विचार केला.

आधी हँडल समजून घेऊ. आपली नेहमीची काळी सायकल आठवा. तिचे हँडल एकाच ठिकाणी धरायचे असते. मुठी ठरलेल्या, मुठीखाली ब्रेक ठरलेला. हात आणि ब्रेक यांची फारकत होतच नाही. रेसरच्या हँडलाला मात्र हात ठेवायच्या तीन जागा आहेत. पहिली वरचा आडवा दांडा. चढावर किंवा निवांत जाताना हात तेथे असतात. दुसरी, ब्रेकचा लिव्हर ज्या खोक्यात बसवलेला असतो त्या खोक्याचा माथा; त्यावर बहुधा रबरी टोपी असते. आणि तिसरी खालची, शिंगाची आत वळलेली बाजू. वारा समोरून असला, वेग हवा असला, की स्वार वाकून तेथे धरतो.

एवढे वाकायचे कशासाठी? वाऱ्यासाठी. उन्हाळ्यात आपल्या उघड्या माळावर सायकल दामटलेल्या माणसाला हे सांगायला नको. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. छाती वाऱ्याला जितकी कमी दाखवावी, तितके पाय सुखी. म्हणून शर्यतीच्या सायकलीला हे हँडल आले. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यत १९४५ साली सुरू झाली. खोपोलीहून बोरघाट चढताना जो पुढे राहतो, त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणण्याची रीत तिच्यामुळे महाराष्ट्राला ठाऊक झाली. घाट चढताना वर धरायचे आणि घाट संपला की वाकून खाली धरायचे, अशी एकाच हँडलावर हातांची येरझार चालते.

आता अडचण लक्षात आली? हाताच्या जागा तीन आणि ब्रेकची जागा एक. तिन्ही ठिकाणांहून ब्रेक सारखाच हाताशी येईल असे होणे शक्य नाही. म्हणून लिव्हर बसवणे म्हणजे निवड करणे. बसवणाऱ्याने स्वतःला विचारायचे, की ह्या स्वाराचे हात जास्तीत जास्त वेळ कुठे असणार? मी हा प्रश्न विचारलाच नाही. एका जुन्या शर्यतवाल्याच्या चित्रात लिव्हर खाली दिसले, तसे मी बसवले. तो शर्यतवाला तासन् तास वाकून खाली धरणारा होता. आमचा पोरगा दप्तर पाठीवर घेऊन ताठ बसणारा.

आता थोडे गणित करू. गुरुजनांना ते फळ्यावर मांडता येईल. ताशी ३० किलोमीटर वेगाने सायकल उतारावरून येत असेल, तर ती एका सेकंदात सुमारे ८ मीटर जाते. वरच्या दांड्यावरचा हात खालच्या लिव्हरपर्यंत न्यायला अर्धा सेकंद लागला असे धरा. तेवढ्या वेळात सायकल ४ मीटर पुढे गेली. अजून ब्रेक लागलेलाच नाही! कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगला ब्रेक त्या वेगाची सायकल थांबवायला साधारण ७ मीटर घेतो. म्हणजे रबर, तार, रिम यांच्यावर खर्च करून आपण जे मिळवले, त्याच्या निम्म्याहून अधिक आपण नुसते लिव्हर शोधण्यात घालवले. वेग निम्मा केला, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौथाईवर येते, हेही मुलांना सांगावे. उतारावर वेग आधीच आवरणे हा सर्वांत स्वस्त ब्रेक आहे.

दुसरी गोष्ट तरफेची. धोंडा उलथायला पहार घेतली, तर हात टेकूपासून जितका लांब तितका जोर कमी लागतो. ब्रेकचा लिव्हर म्हणजे हीच पहार. त्याची खीळ हा टेकू, आणि खिळीजवळच तार अडकवलेली असते. समजा, तार खिळीपासून २ सेंटीमीटरवर आहे. बोटे ८ सेंटीमीटरवर, म्हणजे टोकाकडे असतील, तर तारेवर बोटांच्या चौपट जोर येतो. तीच बोटे ४ सेंटीमीटरवर असतील, तर फक्त दुप्पट. खालून धरणाऱ्याची बोटे लिव्हरच्या टोकाकडे पडतात, म्हणून त्याचा ब्रेक करकचून लागतो. खोक्याच्या माथ्यावर हात असेल तर बोटे खिळीजवळ पडतात आणि जोर कमी मिळतो. जुन्या लिव्हरांत हा फरक फार जाणवतो. म्हणून मोठा उतार आला की जुन्या सायकलवाल्याने हात आधीच खाली न्यावेत. उतार सुरू होण्यापूर्वी, सुरू झाल्यावर नव्हे.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. लागेल काय? पाने, पेचकस, एक सरळ फूटपट्टी, शिसपेन्सिल आणि सायकल धरायला एक सोबती.

पहिले काम हँडलाचे. लिव्हर बरोबर बसले आणि नंतर हँडल फिरवले, तर सगळे पुन्हा करावे लागते. सपाट जागी सायकल उभी करून बाजूने पाहा. शिंगाच्या खालच्या टोकांचा सरळ भाग जमिनीला समांतर असावा, किंवा टोके मागे किंचित खाली झुकलेली, मागच्या ब्रेकच्या रोखाने असावीत. मग हँडलाचा नट पक्का आवळा.

दुसरे काम खुणेचे. फूटपट्टी त्या सरळ भागाला खालून टेकवून पुढे काढा. लिव्हर हँडलाच्या पुढच्या वळणावर असा धरा, की त्याचे खालचे टोक पट्टीला जेमतेम लागेल. जुन्या कारागिरांचा हा नियम आहे. जेथे तारा खोक्याच्या वरून निघून कमानीसारख्या पुढून जातात, त्या जुन्या लिव्हरांना तो चांगला लागू पडतो. तेथे पेन्सिलीने खूण करा. पण ही सुरुवातीची खूण आहे, शेवटची नव्हे. स्वार ताठ बसून बहुतेक वेळ खोक्याच्या माथ्यावर हात ठेवणारा असेल, तर लिव्हर खुणेच्या अर्धा-पाऊण इंच वर न्यावा. फार वर नेला तर खालून बोटे पोचत नाहीत. फार खाली नेला तर माथ्यावर मनगट मुडपते आणि हात घसरतो.

तिसरे काम आवळण्याचे. तार सैल करून लिव्हर पूर्ण दाबला, की खोक्याच्या पोकळीत खोल एक पेच किंवा नट दिसतो. हँडलाभोवतीचा पट्टा त्यानेच आवळला जातो. येथे एक फसवणूक होते. जुनी लोखंडी हँडले बरीचशी २२.२ मिलिमीटर जाडीची, तर दुसऱ्या जातीची हँडले २३.८ मिलिमीटरची असतात. जाड हँडलाचा पट्टा बारीक हँडलावर कितीही आवळला तरी फिरतो. पत्र्याची पातळ पट्टी मध्ये घालून तो पक्का बसवावा. खोक्यावर स्वाराचा भार येतो. तो फिरला तर स्वार तोंडावरच जायचा. म्हणून आवळल्यावर दोन्ही हातांनी पिळून पाहावे. तसूभरही हलता कामा नये.

चौथे काम जोडी जुळवण्याचे. दोन्ही खोक्यांच्या माथ्यावर एक सरळ काठी आडवी ठेवून समोरून पाहा. ती वरच्या दांड्याला समांतर दिसली म्हणजे दोन्ही लिव्हर एका उंचीवर आले. मगच हँडलाला पट्टी गुंडाळावी. आधी गुंडाळली की पट्टी सोडायच्या आळसापायी चूक तशीच राहते.

शेवटी तार. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून चाक फिरवून बघा. वळवल्यावर ब्रेक आपोआप घासू लागला, तर तारेची नळी आखूड आहे. लिव्हर जोराने दाबल्यावर तो हँडलाला टेकता कामा नये. मध्ये दोन बोटांची जागा राहिली पाहिजे. टेकला तर तार आवळा. काही जुन्या सायकलींना वरच्या दांड्यावरून दाबता यावे म्हणून एक जोड-लिव्हर लावलेला आढळतो. माझ्या विद्यार्थ्याला तो हवाच होता, असे तुम्ही म्हणाल. पण तो लवचीक असतो, त्याची चाल लवकर संपते, आणि त्याच्या भरवशावर माणूस उतारावरही वरच धरून बसतो. हळू चालताना ठीक. संकटात त्यावर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट. कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा, हे सायकल हाती घेतल्याबरोबर तार पाहून ठरवावे. आपल्याकडे उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो, पण जुन्या बाजारातून आलेल्या सायकलीचा भरवसा नाही. थांबताना भार पुढे जातो, म्हणून पुढचा ब्रेक अधिक काम करतो. मात्र वाळू-खडीवर तो एकदम दाबला की चाक घसरते. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक मिळून, हळूहळू जोर वाढवत दाबावेत. आणि पावसात लोखंडी चकचकीत रिमवर रबर पकड धरत नाही, तेव्हा अंतर दुपटीहूनही जास्त धरून चालावे.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात रेसर सायकली असतात किती? थोड्या असतील. दुधाच्या किटल्याही आता मोटारसायकलीवर गेल्या. पण शाळेची वाट पुष्कळ मुलांना अजून सायकलच दाखवते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून अनेक तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळाल्या, आणि शाळा लांब म्हणून घरी बसणाऱ्या कितीतरी मुली वर्गात आल्या. त्या सायकलीचा ब्रेक त्यांच्या बोटांना पुरतो का, हे कोणी पाहिले आहे? लिव्हर मोठ्या माणसाच्या पंजाला बेतलेला असतो. लिव्हर फार उंच रोखलेला असला, की लहान मुलीला मूठ सोडूनच तो ओढावा लागतो. मुठीवर तळवा ठेवून बोटे सरळ केली, की ती लिव्हरवर पडली पाहिजेत आणि मनगट वाकडे होता कामा नये. हा नियम प्रत्येक हँडलाला लागू आहे. तारेच्या ब्रेकच्या सायकलीत पट्ट्याचा पेच सैल करून लिव्हर फिरवणे हे पाच मिनिटांचे काम आहे. जुन्या काळ्या सायकलीचे सळईचे ब्रेक असतील तर ते गावातल्या सायकलवाल्याकडून जुळवून घ्यावेत. सळई घरी ठोकून वाकवू नये.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. एखाद्या शनिवारी मुलांना सायकली मैदानावर आणायला सांगा. एकाने सायकल धरावी, दुसऱ्याने तिच्यावर बसावे आणि डोळे मिटावेत. मग हात कुठेही असोत, “ब्रेक!” असे म्हणा. ज्याची बोटे चाचपडतील, त्याची सायकल बाजूला काढा. तरफेचा धडा यापेक्षा चांगला शिकवता येणार नाही.

आमच्या विद्यार्थ्याचे हाड सांधले. आम्ही दोघांनी मिळून हँडलाची पट्टी सोडली, लिव्हर वर घेतले आणि पुन्हा बसवले. या खेपेला मी चित्र पाहिले नाही. त्याला सायकलीवर बसवले, डोळे मिटायला लावले आणि त्याची बोटे जेथे आपसूक पडली तेथे पेन्सिलीने खूण केली.