सुट्टीचा दिवस, पाणी आणि डोंगरवाट



या वेळचा लेख सिंगापूरहून लिहिते आहे. धाकटा मुलगा बरीच वर्षे इथे नोकरीला आहे आणि तांजोंग पगार भागात राहतो. मलय भाषेत तांजोंग म्हणजे भूशिर आणि पगार म्हणजे कुंपण. एकेकाळी इथे कोळ्यांची वस्ती होती. आता उंच इमारती आहेत, बँकांची कार्यालये आहेत आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बंदरातल्या क्रेन दिसतात.

आठवडाभर इथली माणसे कार्यालयात खुर्चीला चिकटलेली असतात. सुट्टीच्या दिवशी मात्र लिफ्टमध्ये कुणी जाड टायरची सायकल घेऊन उभा असतो, कुणाच्या हातात वल्हे असते. माझा मुलगाही त्यातलाच. शनिवारी शब्बाथ, म्हणून त्याचा खेळ रविवारी. तो कयाक चालवतो, डोंगरवाटेवर सायकल चालवतो आणि अलीकडे फळीवर उभे राहून लाटेवर घसरायलाही शिकतो आहे. वय वर्षे ४६!

खरे सांगायचे तर हे सगळे ऐकून माझ्या पोटात गोळा यायचा. माझ्या नोकरीची बरीच वर्षे कोकणातल्या एका सरकारी रुग्णालयात गेली. पावसाळ्यात सहलीला आलेली तरणीताठी मुले समुद्रातून काढून आमच्याकडे आणत. त्यांच्या आया व्हरांड्यात बसलेल्या असत. ते पाहून मी ठरवले की माझा मुलगा पाण्यात उतरणार नाही. शाळेची पोहण्याची सहल असली की मी त्याला ताप आल्याची चिठ्ठी द्यायची. नर्स असून खोटी चिठ्ठी! आपण बेने इस्राएल लोक तर लहानपणापासून ऐकत आलो की आपल्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. अशा घराण्यातल्या पोराला मी पोहायला शिकू दिले नाही. तो इथे येऊन वयाच्या ४१ व्या वर्षी पोहायला शिकला आणि मला सहा महिन्यांनी सांगितले.

आज मला वाटते की माझी भीती खरी होती, पण उपाय चुकीचा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून गेली. मुलांना पोहायला आणि पाण्यात सुरक्षित राहायला शिकवणे हा तीच संघटना सांगत असलेला एक मुख्य उपाय आहे. ज्याला पोहता येत नाही तो पाण्यापासून जन्मभर लांब राहील, याची हमी कुठल्या आईला देता येते?

आता एकेक खेळ पाहू.

कयाक म्हणजे लांबट, हलकी होडी आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे. सिंगापूरने मरीना खाडीच्या तोंडावर २००८ साली बांध घातला आणि आत गोड्या पाण्याचा मोठा तलाव झाला. तिथल्या शांत पाण्यात, कालांगच्या बाजूला, रविवारी कितीतरी कयाक दिसतात. नवशिक्यांना वाटते की हा दंडाचा व्यायाम आहे. तसे नाही. चांगला वल्हवणारा कमरेच्या वरचा सगळा भाग दोन्ही बाजूंना वळवतो, त्यामुळे पाठीचे व पोटाचे स्नायू मजबूत होतात. फक्त दंड ओढत राहिले तर दुसऱ्या दिवशी खांदा धरतो. हात खांद्याच्या वर किंवा पाठीमागे जाऊ देऊ नयेत. तसे हात असताना पाण्याचा झटका बसला तर खांदा निखळू शकतो. लाइफ जॅकेट अंगात असावे आणि त्याचे पट्टे बांधलेले असावेत. होडीत पायाशी ठेवलेले जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही.

सर्फिंगची गंमत अशी की सिंगापूरला समुद्र आहे पण लाट नाही. चहूबाजूंनी मलेशियाचा किनारा आणि इंडोनेशियाची बेटे, त्यामुळे पाणी तळ्यासारखे. शिकणारे आधी यंत्राने केलेल्या लाटेवर सराव करतात आणि नोव्हेंबर ते मार्चच्या ईशान्य मोसमी वाऱ्यात मलेशियातल्या देसारूच्या किनाऱ्यावर जातात. फळीवर आडवे पडून हाताने पाणी मारायचे, लाट आली की झटकन उभे राहायचे. यात खांदे, मांड्या आणि विशेषतः तोल यांचा कस लागतो. पडताना डोके खाली करून सूर मारू नये, उथळ पाण्यात मानेचा मणका मोडतो. पाठीवर किंवा कुशीवर पसरट पडावे आणि वर येताना दोन्ही हातांनी डोके झाकावे, कारण फळी वरच असते.

किनाऱ्यावर आणखी एक धोका असतो, तो आपल्या कोकणातही आहे. फुटलेल्या लाटांचे पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात समुद्राकडे परत जाते. त्यात सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे पोहू लागतो, दमतो आणि बुडतो. अशा वेळी तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि जमले तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर यावे. हे एवढे माहीत असते तर आमच्या व्हरांड्यातल्या काही आया मुलांना घेऊन घरी गेल्या असत्या.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर त्याला उलटे धरणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार आजही दिसतात. ते करू नयेत. श्वास चालत नसेल तर मदतीला हाक मारून आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर ३० दाब व २ श्वास असे चालू ठेवावे. दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२० असावा. हे एकदा प्रत्यक्ष वर्गात शिकून घ्या. वाचून हात बसत नाही.

तिसरा खेळ माउंटन बाइक. इथला सर्वांत उंच डोंगर बुकित तिमा, उंची १६४ मीटर. आपल्याकडे याला टेकडीच म्हणतील! पण त्याच्या पायथ्याच्या रानात दगड, मुळे आणि चढउतार असलेली सायकलवाट आहे. ज्यांना इतके धाडस नको त्यांच्यासाठी जुना रेल्वेमार्ग आहे. तांजोंग पगारचे रेल्वे स्थानक १९३२ साली सुरू झाले. तिथून मलेशियाकडे गाड्या जात. ३० जून २०११ रोजी शेवटची गाडी सुटली, पुढे रूळ काढले आणि त्या जागी वुडलँड्सपर्यंत सुमारे २४ किलोमीटरची हिरवी वाट केली. आगगाडीची वाट असल्यामुळे चढ अगदी सौम्य आहे. मी स्वतः तिच्यावर रोज सकाळी फिरते.

सायकलवर सीट इतकी उंच असावी की पायडल खाली गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट खाली असली की गुडघे कुरकुरतात. हेल्मेट हवेच, आणि एकदा जोरात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि मनगट किंवा हंसळीचे हाड मोडते. अंगठ्याच्या मुळाशी जी खळगी असते तिथे दाबल्यावर दुखत असेल तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी दहा-चौदा दिवसांनी पुन्हा दाखवावे. हँडलचे टोक पोटात घुसले असेल तर वरून काहीच दिसत नाही, पण आत प्लीहा किंवा यकृत फाटलेले असू शकते. पोट दुखत राहिले, चक्कर आली, तर थांबू नये. डोक्याला मार लागून उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी असेल तरीही तसेच. खरचटले तर वाहत्या स्वच्छ पाण्याने माती काढावी, हळद भरू नये, आणि धनुर्वाताची सुई कधी घेतली ते आठवावे.

आता घरचाच प्रसंग सांगते. मी आल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मुलगा सकाळी उशिरा सायकल घेऊन निघाला. आधीचे दोन दिवस त्याला कणकण होती, झोप झाली नव्हती, पण मित्राला शब्द दिला होता. सून आणि मी रेल्वेच्या वाटेवर त्याची वाट पाहत होतो. साडेबाराला तो आला. चेहरा लालभडक. मी विचारले, पाणी प्यायलास का? तो म्हणाला, "आई, गाडी किती वाजता आहे?" तिथली गाडी बंद होऊन कितीतरी वर्षे झाली! मी समजले. उन्हाने दमलेला माणूस दमल्यासारखे बोलतो. भलतेच बोलू लागला तर त्याचा मेंदू तापला आहे. सुनेने ९९५ ला फोन केला. आम्ही त्याला सावलीत आडवे केले, शर्ट काढला, जवळचे सगळे पाणी अंगावर ओतले आणि टोपीने वारा घातला. एका मुलीने शीतपेट्यातला बर्फ दिला, तो मान, काखा आणि जांघांत ठेवला. गाडी येईपर्यंत तो मला ओळखून बोलू लागला होता. दोन दिवस रुग्णालयात राहून घरी आला.

इथे तापमान ३१-३२ अंश असले तरी हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, आणि घाम न वाळला तर शरीर थंड होत नाही. मुंबईच्या मे महिन्यातही हेच होते. आठवडाभर एसीत बसलेल्या शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. तापातून उठल्यावर लगेच असा खेळ करू नये. अशा वेळी न जाणे हा त्या खेळाचाच नियम समजावा. त्या दिवशी मुलाला पोहणे, हेल्मेट, सगळे येत होते. नाही म्हणणे तेवढे आले नाही.

मग फक्त सुट्टीच्या दिवशी केलेला व्यायाम चांगला की वाईट? २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधल्या जवळपास ९० हजार लोकांच्या मनगटावर आठवडाभर यंत्र बांधून त्यांची हालचाल मोजली होती. ज्यांनी बहुतेक व्यायाम एक-दोन दिवसांतच केला, त्यांनाही हृदयविकार आणि पक्षाघाताच्या बाबतीत रोज थोडा व्यायाम करणाऱ्यांइतकाच फायदा दिसला. म्हणजे रविवार वाया जात नाही. फक्त त्याची तयारी सोमवारपासून करावी. रोज जिन्याने चढावे, आठवड्यातून दोनदा खांदे, कंबर व मांड्यांचे व्यायाम करावेत आणि झोप पुरी घ्यावी.

हृदयाचे दुखणे, न आटोक्यातला रक्तदाब किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काही करू नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर खडबडीत वाटेवर सायकल नको. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट प्यावे, तास उलटला की मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी घ्यावे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण असाल तर पाणी आणि मिठाचे प्रमाण डॉक्टरांकडून घ्यावे. आणि ढग गडगडला की पाण्यातून बाहेर, पक्क्या छपराखाली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. सिंगापुरात वर्षातले दीडशेहून अधिक दिवस विजा होतात.

माझ्या वयाच्या वाचकांनी हसू नये. गेल्या रविवारी मी मुलाबरोबर दोघांच्या कयाकमध्ये बसले. तिथल्या शिक्षकाने आधी माझी सगळी दुखणी विचारली, जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिले आणि काठापासून लांब जाऊ नका म्हणून बजावले. वीस मिनिटे आम्ही पाण्यावर होतो. मी वल्हे दहा-बारा वेळाच मारले असेल. बाकी वेळ मुलाची पाठ पाहत होते. ती डावीकडे-उजवीकडे वळत होती, अगदी शिकवल्याप्रमाणे.

परत आल्यावर त्याला म्हटले, त्या खोट्या चिठ्ठ्यांबद्दल माफ कर. तो म्हणाला, "आई, पुढच्या वेळी तूच पोहायला शीक." नाव घातले आहे. उथळ तलावात, ज्येष्ठांच्या वर्गात, आठवड्यातून दोन सकाळी. तुमच्या नातवंडांचे नाव अजून घातले नसेल तर या सुट्टीत घाला.