श्वासाचा जमाखर्च

व्यायामाने माणूस निरोगी राहतो, हे आपल्या समाजाला कोणी नव्याने पटवून द्यावे लागत नाही. तालीम, आखाडा, जोर, बैठका, सूर्यनमस्कार आणि मल्लखांब यांची परंपरा या मुलखात इतकी मुरलेली आहे की, पनवेलजवळच्या शिरढोणला जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांचे चरित्र सांगतानाही तालमीचा विषय ओघानेच निघतो. परंतु व्यायाम चालू असता कातडीच्या आत, रक्तात, फुप्फुसांत आणि स्नायूंत नेमके काय घडते, याची विचारणा करावयाची, तिच्यासाठी यंत्रे जुळवावयाची, आणि यंत्राने दिलेला जबाब आपल्या श्रद्धेला रुचो वा न रुचो, तो आकड्यांसह छापून जाहीर करावयाचा, हा शिरस्ता मात्र आपल्याकडे अलीकडचा; आणि तो ज्यांनी घालून दिला त्यांत अग्रभागी बसवावे असे नाव स्वामी कुवलयानंदांचे आहे. पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोली गाठून बोरघाट चढला की पलीकडे लोणावळ्यात त्यांचे कैवल्यधाम आहे. इतक्या जवळ असूनही आपल्या तालुक्यातील सुशिक्षितांना ते योगाचा आश्रम म्हणून जितके ठाऊक आहे, तितके व्यायामाच्या शरीरक्रियाविज्ञानाची प्रयोगशाळा म्हणून ठाऊक नाही, ही गोष्ट मला खटकते.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातेतील डभोईचा. १९०३ साली मॅट्रिक होताना त्यांनी संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. म्हणजे प्रारंभीची वाट पाहिली तर हा मनुष्य पोथ्यांच्या अभ्यासात हयात घालवील, असेच कोणीही म्हटले असते. पण बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात त्यांनी शरीर कमावले, पुढे अमळनेरास खानदेश एज्युकेशन सोसायटीत अध्यापन व राष्ट्रीय शिक्षणाचे काम केले, आणि १९१९ च्या सुमारास नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजींकडे योगाचे शिक्षण घेतले. शरीरक्रियाविज्ञानाचे अध्यासन त्यांना कोणत्याही विद्यापीठाने दिले नाही; वैद्यकाची सनदही त्यांच्याजवळ नव्हती. एका गुरूकडून स्नायूंची भाषा आणि दुसऱ्याकडून श्वासाची भाषा शिकलेल्या या शिक्षकाने तिसरी भाषा, म्हणजे दाबमापकाची आणि क्ष-किरणांची, स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केली.

त्यांचा आरंभीचा गाजलेला प्रयोग बडोद्याच्या रुग्णालयातील आहे. हठयोगात नौली नावाची क्रिया आहे: श्वास पूर्ण सोडून पोट आत ओढावयाचे, आणि मग पोटाचे दोन उभे स्नायू तेवढे मध्यभागी एकवटून पुढे काढावयाचे. ही क्रिया साधलेला साधक पाण्यात बसून गुदमार्गाने पाणी आत घेतो, तीच बस्ती. हे पाणी वर चढते कसे? आतडे उलट्या दिशेने हालचाल करून ते ओढून घेत असेल, असा तर्क करता येण्याजोगा होता. कुवलयानंदांनी तर्कावर न थांबता मोठ्या आतड्यात नळी घालून ती पाऱ्याच्या दाबमापकास जोडली, आणि साधकाने नौली करताच आतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली जातो, हे पाऱ्याच्या हालचालीवरून पाहिले. आतड्यात अंशतः निर्वात स्थिती उत्पन्न होते आणि बाहेरचे पाणी केवळ वातावरणाच्या दाबाने आत शिरते, एवढा सरळ भौतिकशास्त्राचा तो न्याय निघाला. या निर्वातास त्यांनी आपल्या गुरूचे, माधवदासांचे, नाव दिले. गुरूविषयी आदर व्यक्त करण्याचे मार्ग आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण मोजून सिद्ध केलेल्या एका घटनेस गुरूचे नाव देण्याचा हा मार्ग मला त्या सर्वांत अधिक उदात्त वाटतो.

१९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच साली ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघाले, ज्यात शास्त्रीय, अर्धशास्त्रीय आणि लोकप्रिय असे स्वतंत्र विभाग पाडून, कोणते विधान प्रयोगाने ठरलेले आहे आणि कोणते अनुभवाच्या आधारावर आहे, याची गल्लत वाचकाच्या मनात होऊ नये अशी तजवीज केलेली होती. सर्वांगासन, मत्स्यासन आणि शीर्षासन यांत रक्तदाब कसा बदलतो, याची मोजमापे त्यात तपशीलवार येऊ लागली. या सालाचे महत्त्व जगाच्या नकाशावर पाहिले म्हणजे कळते. केशवाहिन्यांवरील संशोधनासाठी डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळालेले होते. स्नायूतील उष्णतेच्या अभ्यासासाठी इंग्लंडच्या आर्चिबाल्ड हिल यांना १९२२ चे. आणि अमेरिकेतील हार्वर्डची प्रख्यात ‘फटीग लॅबोरेटरी’, म्हणजे थकव्याची प्रयोगशाळा, अद्याप निघावयाची होती, ती १९२७ साली निघाली. घाटमाथ्यावरचे हे काम त्या विद्येच्या उदयकाळातच सुरू झालेले होते. साधनांत आणि पैशात ते कितीतरी मागे होते. काळात मात्र मागे नव्हते.

हिल यांची पद्धत येथे थोडी सांगितली पाहिजे, कारण पुढचा मुद्दा तिच्यावाचून उलगडणार नाही. धावणाऱ्याच्या पाठीवर रबरी कापडाची मोठी पिशवी बांधावयाची, तोंडातील नळीला अशी झडप बसवावयाची की श्वास बाहेरून आत येईल पण उच्छ्वास मात्र पिशवीतच जाईल, आणि ठराविक वेळाने पिशवीतील हवा मोजून तिचा नमुना पृथक्करणास घ्यावयाचा. पृथक्करणाचे काम संथ आणि चिकाटीचे: काचेच्या अरुंद नळीत हवेचा नमुना घेऊन तो प्रथम दाहक पोटॅशच्या द्रावणातून फिरवावयाचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषला जाऊन नमुन्याचे आकारमान किंचित घटते; ती घट नळीवरच्या बारीक रेघांवर वाचून नोंदवावयाची; मग तोच नमुना पायरोगॅलॉलच्या द्रावणातून फिरवावयाचा, म्हणजे प्राणवायू शोषला जातो, आणि दुसरी घट वाचावयाची. या दोन घटींच्या नोंदींत शरीराचा सगळा हिशेब असतो. हिल स्वतः अशी पिशवी पाठीवर घेऊन धावले आणि त्यांच्या शरीराने मिनिटास सुमारे ४ लिटर प्राणवायू खर्च केला.

आता हाच हिशेब कर्नाळ्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या ६० किलो वजनाच्या माणसास लावून पाहू. स्वस्थ उभा असता तो मिनिटास ६ ते ७ लिटर हवा आत घेतो, आणि तिच्यात सुमारे सव्वा ते दीड लिटर प्राणवायू असतो. पण शरीर त्यातून खर्ची टाकते ते जेमतेम २०० ते २५० मिलिलिटर, आणि उरलेला तसाच परत जातो. म्हणूनच आत जाणाऱ्या हवेत २१ टक्के प्राणवायू असला, तर बाहेर पडणाऱ्या हवेत तो १६-१७ टक्के शिल्लक असतो. फुप्फुसांतून निघालेल्या रक्तातील हिमोग्लोबिन त्या स्वस्थ अवस्थेतही सुमारे ९७ टक्के भरलेले असते. खजिना भरलेलाच आहे. त्यात आणखी भर घालू म्हटले तरी घालण्यास जागा नाही. गडाचा उभा चढ सुरू झाला की बदल घडतो तो खर्चाच्या बाजूस. मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू प्राणवायू मागू लागतात, हृदय मिनिटास ५ लिटरांच्या जागी १५ ते २० लिटर रक्त पुरवू लागते, आतड्यांकडे जाणारा प्रवाह आखडता घेतला जाऊन स्नायूंकडे वळविला जातो, आणि ज्या १०० मिलिलिटर रक्तातून विश्रांतीच्या वेळी सुमारे ५ मिलिलिटर प्राणवायू काढून घेतला जात होता, त्यातूनच आता १० ते १५ मिलिलिटर काढून घेतला जातो. धाप लागते ती या मागणीपोटी. नियमित व्यायामाने कमावले जाते ते मुख्यतः हृदयाचे रक्त लोटण्याचे आणि स्नायूंचे प्राणवायू वापरण्याचे सामर्थ्य. निरोगी माणसाच्या फुप्फुसांत प्राणवायूचा तुटवडा मुळातच नसतो.

हे ध्यानात घेतले म्हणजे कुवलयानंदांच्या ज्या कामास मी सर्वांत मोठे मानतो, त्याचा अर्थ लागेल. प्राणायाम केल्याने शरीरात प्राणवायूचा भरपूर साठा होतो, हा समज त्या काळी प्रचलित होता आणि आजही पहाटेच्या मैदानावर तो तितक्याच निष्ठेने सांगितला जातो. योगाच्या प्रचारकास याहून सोयीचे शास्त्रीय वाटणारे वाक्य दुसरे कोणते मिळणार? तरीही कैवल्यधामात उच्छ्वासाचे पृथक्करण करून कुवलयानंदांनी हे स्पष्टपणे मांडले की, प्राणायामाचे महत्त्व अधिक प्राणवायू मिळण्यात नाही. ते श्वासाच्या आणि मज्जासंस्थेच्या शिक्षणात शोधले पाहिजे. येल विद्यापीठाचे कोवूर बेहानन हे त्यांच्यापाशी लोणावळ्यास राहून योग शिकले आणि १९३७ साली त्यांनी त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या स्वतःवर घेतलेल्या मोजमापांत उज्जायीच्या वेळी प्राणवायूचा खर्च सुमारे २४.५ टक्क्यांनी, भस्त्रिकेत १८.५ टक्क्यांनी आणि कपालभातीत १२ टक्क्यांनी वाढलेला आढळला. वरवर पाहता ही वाढ प्रचलित समजास पुष्टी देते असे वाटेल. परंतु सावकाश चालतानाही माणसाचा प्राणवायूचा खर्च विश्रांतीच्या दुपटीहून अधिक होतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही वाढ किती अल्प आहे ते कळते, आणि तीही बहुतांशी श्वासाच्या स्नायूंना पडलेल्या कष्टाचीच असली पाहिजे. उलट, श्वासाची क्रिया अतिवेगाने पुष्कळ वेळ चालविली तर रक्तातील कार्बन डायऑक्साइड नको तितका घटतो, त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि बोटांना मुंग्या येणे किंवा डोके हलके होणे ही जी लक्षणे काही साधक प्राणवायू भरल्याची खूण मानतात, ती वस्तुतः त्या घटीची लक्षणे असतात. ज्यांना तसे होत असेल त्यांनी वेग कमी करावा, हे उत्तम.

कुवलयानंदांच्या प्रयोगांच्या मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. प्रयोगास बसणारे साधक मोजके असत. साधना न करणाऱ्यांचा तुल्य गट घेऊन ताडून पाहण्याची आजची पद्धत तेव्हा रूढ नव्हती. त्यामुळे एखादी क्रिया कशी घडते हे सांगण्यास ते प्रयोग पुरेसे होते, पण तिने किती लोकांना किती गुण येतो, हे सांगण्यास पुरेसे नव्हते. तथापि दार उघडे ठेवण्याची त्यांची वृत्ती टिकली. १९५७ च्या सुमारास अमेरिकेहून वेंगर आणि बागची हे संशोधक हृदयाचे व मेंदूचे विद्युत्-आलेख काढण्याची यंत्रे घेऊन हिंदुस्थानात हिंडले, तेव्हा लोणावळ्याचे साधकही त्यांच्या अभ्यासात होते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक बाल कृष्ण आनंद यांच्यासह त्यांनी १९६१ साली जाहीर केलेला निष्कर्ष असा की, हृदय थांबविल्याचा दावा करणाऱ्यांची नाडी आणि हृदयाचे ध्वनी नाहीसे झाले, तरी विद्युत्-आलेखात हृदय चालूच होते; श्वास कोंडून छातीचे स्नायू आवळल्याने छातीतील दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त अडते, आणि बोटाखाली नाडी लागत नाही. या निष्कर्षाने योगाचे काही गेले असे मला वाटत नाही. गेली ती एक अद्भुतकथा.

प्रयोगशाळेबाहेरही कुवलयानंदांचा अधिकार मान्य झालेला होता. १९२७ साली रक्तदाबाने आजारी पडलेल्या गांधीजींनी त्यांच्याशी पत्रव्यवहार करून आसनांविषयी सल्ला घेतला. मुंबई इलाख्याच्या सरकारने शारीरिक शिक्षणाच्या समितीचे काम त्यांच्याकडे सोपविले. १९५१ साली लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय निघाले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांच्या संस्थेतील करंबेळकर, विनेकर व भोळे यांनी हवाबंद खड्ड्यात राहणाऱ्या माणसांच्या श्वसनाची मोजमापे वैद्यकीय संशोधनाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. भूमिगत समाधीसारख्या विषयालाही त्यांनी वायुपृथक्करणाची कसोटी लावली.

आपल्या तालुक्यात आज कामोठ्यास वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पायरीवर चढ-उतार करवून नाडी मोजण्याची कसोटी शिकविली जाते. तिचा मूळ नमुना हार्वर्डच्या त्याच थकव्याच्या प्रयोगशाळेत तयार झाला. या कसोटीस यंत्र लागत नाही, खर्च नाही, आणि ती वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपुरती राखून ठेवण्याचे कारणही नाही. पनवेलच्या शाळांतील व्यायामशिक्षकांना माझी विनंती आहे की, सूर्यनमस्कारांपूर्वी, ते संपताच, आणि त्यानंतर ५ मिनिटांनी, मुलांना आपापली नाडी स्वतः मोजण्यास शिकवावे, ती रोज वहीत मांडण्यास लावावे, आणि सहामाहीच्या शेवटी नाडी पूर्ववत होण्यास लागणारा वेळ कमी झाला की नाही, हे त्यांनाच ठरवू द्यावे.