विळ्यासारखी वाकलेली पेशी

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे, हे शाळेत सगळेच शिकतात. पण सगळ्या पेशी सारख्या नसतात. ज्या पेशीला जे काम, त्या कामाला साजेसा तिचा आकार असतो. आकार बिघडला की काम अडते आणि माणूस आजारी पडतो. सिकलसेल हा असाच आजार आहे. आपल्या समाजात त्याच्याविषयी भीती आहे, लाज आहे आणि सोयरीक जुळवताना लपवाछपवीही आहे. म्हणून या वेळी तो मुळापासून समजून घेऊ.

भाताच्या मुळापासून सुरुवात

मुळशी तालुक्यात पावसाळ्यात खाचरे भरतात आणि भाताचे रोप आठवडेच्या आठवडे पाण्यात उभे राहते. ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या मुळाशी इतके दिवस पाणी साचले, तर मूळ गुदमरून कुजेल. भाताचे का कुजत नाही? कारण त्याच्या मुळाच्या आतल्या काही पेशी मरून जातात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या तयार होतात. पानांकडची हवा या नळ्यांतून मुळाच्या टोकापर्यंत पोचते.

मुळाच्या बाहेरच्या पेशींना केसासारखे बारीक तंतू फुटतात, त्यामुळे पाणी आणि क्षार शोषायला जास्त जागा मिळते. पानावरच्या सूक्ष्म छिद्रांशेजारी दोन-दोन पेशी पहारेकऱ्यासारख्या असतात. पाणी भरपूर असले की त्या फुगतात आणि छिद्र उघडते, पाणी कमी पडले की छिद्र मिटते.

माणसाच्या शरीरातही हेच आहे. कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत निरोप नेणाऱ्या मज्जापेशीचा धागा जवळजवळ एक मीटर लांब असतो. पण सर्वांत नेमकी घडण पाहायची तर आपल्या रक्तातली तांबडी पेशी पाहावी.

तांबड्या पेशीची घडण

तांबड्या पेशीचे काम एकच, फुप्फुसातून प्राणवायू घ्यायचा आणि अंगभर पोचवायचा. तो धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे हिमोग्लोबिन. त्याला जास्त जागा मिळावी म्हणून ही पेशी तयार होतानाच आपले केंद्रक बाहेर टाकते. ती गोल, चपटी आणि दोन्ही बाजूंनी मध्ये दबलेली असते. या आकारामुळे प्राणवायू झटकन आत-बाहेर होतो. शिवाय ती लवचीक असते. आपल्यापेक्षाही अरुंद रक्तवाहिनीतून ती घडी होऊन निसटते आणि पुन्हा पूर्वीसारखी होते. अशी पेशी सुमारे 120 दिवस काम करते.

सिकलसेलमध्ये नेमके काय बिघडते? हिमोग्लोबिनमध्ये 146 मण्यांची एक माळ असते असे समजा. त्यातला सहावा मणी बदललेला असतो. एवढाच फरक. पण प्राणवायू सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, त्याचे ताठ दांडे बनतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. मग ती अरुंद वाहिनीत अडकते आणि मागचे रक्त तुंबते. जिथे तुंबते तिथे असह्य वेदना होतात. या पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटतात, म्हणून अंगात रक्त कमी पडते आणि डोळे पिवळे दिसतात.

हे जातीचे दुखणे नाही

1910 साली अमेरिकेतील शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी अशा विळ्यासारख्या पेशींचे पहिले वर्णन छापले. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. भारतात हा आजार 1952 मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये आढळला आणि त्याच दशकात नागपूर भागातही त्याची नोंद झाली. आज महाराष्ट्रात विदर्भ आणि सातपुड्याच्या पट्ट्यात तो जास्त दिसतो. आदिवासींमध्ये दिसतो, आपल्या बौद्ध समाजात दिसतो, इतर मागासवर्गीयांतही दिसतो. आफ्रिकेत, सौदी अरेबियात आणि ग्रीसमध्येही तो आहे.

इतक्या लांबलांबच्या लोकांत एकच आजार का? कारण हिवताप. आई किंवा बाप अशा एकाकडूनच हा दोष मिळाला, तर ते मूल सहसा निरोगी राहते आणि जीवघेण्या हिवतापापासून त्याला संरक्षण मिळते. त्यामुळे जिथे पिढ्यानपिढ्या हिवतापाने माणसे दगावली, तिथे हा दोष असलेली माणसे जास्त जगली आणि तो टिकून राहिला. यात ना मागल्या जन्मीचे पाप आहे, ना करणी, ना जातीचा कलंक. जात म्हणजे वंशाचा भेद नव्हे, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये मांडले होते. सिकलसेलला कोणी ‘तुमच्या लोकांचा रोग’ म्हणाले, तर हिवतापाची ही गोष्ट त्याला सांगावी. प्रत्येक गोष्टीला कारण असते, ते शोधावे, ही तर भगवान बुद्धांची शिकवण.

सोयरीक जुळवण्याआधी

दोष एकाकडूनच आला तर माणूस ‘वाहक’ असतो. त्याला बहुधा काही त्रास नसतो आणि औषधही लागत नाही. दोघांकडून आला तर माणूस ‘सिकलसेलग्रस्त’ असतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ग्रस्त होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक असते. एक जण वाहक आणि दुसरा निर्दोष असेल, तर मूल ग्रस्त होत नाही. म्हणून वाहक मुलीचे किंवा मुलाचे लग्न अडवायचे कारण नाही. दोघांनीही आधी रक्त तपासून घ्यावे, इतकेच. लग्न झाले असेल आणि दोघे वाहक निघाले, तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगावे, पोटातल्या बाळाचीही तपासणी करता येते. आजारी मूल जन्मले म्हणून सुनेला बोल लावणे तर सरळ अन्याय आहे. ग्रस्त मुलाला दोष आई आणि बाप दोघांकडून आलेला असतो.

हिंजवडी, पिरंगुटच्या वस्त्यांत विदर्भातून कामाला आलेली कुटुंबे आहेत. तुमचे मूळ गाव त्या पट्ट्यातले असेल, तर दवाखान्यात ते आवर्जून सांगा. डॉक्टरांच्या मनात सिकलसेलची शंका लवकर येईल.

काय पाहावे, काय करावे

बाळ साधारण सहा महिन्यांचे झाल्यावर लक्षणे दिसू लागतात. हातापायांना सूज, वारंवार ताप, पिवळे डोळे, फिकटपणा आणि मोठेपणी हाडे-सांधे ठणकणे. अशा वेळी नुसत्या लोहाच्या गोळ्या घेत बसू नये, आधी तपासणी करावी. पहिली साधी चाचणी सोल्युबिलिटीची. तिच्यात दोष दिसला, तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने वाहक की ग्रस्त ते कळते. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, तिथे सोय नसेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयासाठी चिठ्ठी मागा. 1 जुलै 2023 पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही सिकलसेलचा समावेश आहे.

ग्रस्त माणसाने भरपूर पाणी प्यावे. थंडी, फार दमणूक आणि उपाशीपोटी काम टाळावे. भाताचे मूळ पाण्यात उभे राहण्यासाठीच घडलेले आहे, पण ग्रस्त माणसाने दिवसभर पावसात भिजत, गार चिखलात वाकून लावणी करणे धोक्याचे. त्याला घरचे किंवा कोरड्यातले काम द्यावे. तो आळशी नाही, त्याचे रक्त तुंबते, हे घरातल्या सगळ्यांनी ध्यानात ठेवावे. फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया ही औषधे डॉक्टर देतात. हायड्रॉक्सियुरियाने वेदनेचे झटके कमी होतात. ती मनाने सुरू किंवा बंद करू नयेत, आणि मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे.

जोराचा ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, लहान मुलाचे पोट अचानक फुगून ते पांढरेफटक पडणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे हा विषय घ्या. आशाताईंना बोलवा, तपासणी शिबिराची मागणी करा. आणि आपला तपासणीचा कागद लपवू नका. मुलाबाळांच्या आधार कार्डाशेजारी तोही जपून ठेवा.