मेंदूचे यंत्र भाषा शिकवील का?

"डोक्याला पट्टा लावा, रोज थोडा वेळ बसा, फाडफाड इंग्रजी बोला." मोबाईलवर अशा जाहिराती पाहून काही पालक आम्हाला विचारतात, हे खरे का? पोटाला चिमटा घेऊन मुलांच्या शिकवणीचे पैसे भरणाऱ्या घरात हा प्रश्न साधा नाही. म्हणून या वेळी आरोग्य पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे.

यंत्र वाचते, शिकवत नाही

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. एडवर्ड चँग यांच्या गटाने एका रुग्णाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड बसवले. पक्षाघाताने त्याचे हातपाय आणि वाचा गेली होती, पण ओठ, जीभ, जबडा यांना आदेश देणारा मेंदूचा भाग काम करत होता. तो शब्द उच्चारण्याचा प्रयत्न करी तेव्हा मेंदूत उठणारे विद्युतसंकेत संगणक ओळखे आणि पडद्यावर शब्द उमटे. २०२१ मध्ये हे ५० शब्दांपुरते होते. २०२४ मध्ये याच गटाने स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत ते करून दाखवले. स्पॅनिश ही त्या रुग्णाची मातृभाषा. इंग्रजी तो पक्षाघातानंतर शिकला होता. दोन्ही भाषांच्या उच्चारांचे मेंदूतील संकेत बरेचसे सारखे निघाले.

यातली मुख्य गोष्ट अशी, की इंग्रजी तो माणूस स्वतः शिकला. यंत्राने ती फक्त वाचली. मेंदूत नसलेली भाषा बाहेरून भरणारे यंत्र आज उपलब्ध नाही.

सौम्य विजेचा प्रयोग

मग विजेच्या प्रवाहाने शिकणे सोपे होते का? २०२० मध्ये अमेरिकेत ३६ इंग्रजी भाषकांवर एक प्रयोग झाला. चिनी मंडारिन भाषेत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. हे सूर ओळखायला शिकताना काही जणांच्या बाहेरच्या कानाला अगदी सौम्य प्रवाह देण्यात आला. तिथे व्हेगस या मज्जातंतूची शाखा येते. सोप्या सुरांच्या वेळी प्रवाह मिळालेल्यांची ओळख सुमारे १३ टक्क्यांनी सरस ठरली. अवघड सुरांच्या वेळी प्रवाह मिळालेल्यांना तसा फायदा झाला नाही. सरावही सगळ्यांनाच करावा लागला. शिवाय चार सूर ओळखणे म्हणजे भाषा येणे नव्हे. संशोधन आशादायक आहे, पण त्यावरून घरच्या मुलाला पट्टा लावणे योग्य नाही.

मेंदू कशाने बदलतो?

स्वीडनच्या सैन्यातील दुभाषी घडवणाऱ्या शाळेत तरुणांना अत्यंत वेगाने नवी भाषा शिकवतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीन महिन्यांच्या कसून अभ्यासानंतर त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा स्मरणाशी संबंधित भाग वाढलेला आढळला. हे पट्ट्याने झाले नाही, अभ्यासाने झाले.

आपल्याकडचे उदाहरण हैदराबादचे. तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे २०१३ मध्ये त्यांनी मांडले. कधी शाळेत न गेलेल्यांतही हा फरक दिसला. म्हणजे बाजारात एक आणि घरात दुसरी भाषा बोलणारी आपली निरक्षर आजीसुद्धा मेंदूला रोज व्यायाम देत असते.

लहान मुलांबद्दल अमेरिकेतील सिएटल येथील २००३ चा प्रयोग सांगण्यासारखा आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी मंडारिन बोलणारी माणसे १२ वेळा खेळली, बोलली. त्या बाळांना मंडारिनचे ध्वनी ओळखता येऊ लागले. तेच बोलणे पडद्यावर दाखवले, तेव्हा बाळे काही शिकली नाहीत. माणूस समोर लागतो.

वय वाढले म्हणून दार बंद होत नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतःच्या बळावर केला.

पालकांनी काय करावे?

● आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून मुलाशी बोलणे कमी करू नका. मराठीत भरपूर बोला, गोष्टी सांगा, प्रश्न विचारा. पहिली भाषा पक्की असली की दुसरीला आधार मिळतो.

● रोज थोडा सराव, चुका करण्याची मोकळीक आणि पुरेशी झोप द्या. शिकलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो.

● विजेचा प्रवाह देणारी उपकरणे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नका. त्वचा भाजू शकते. फिट येणाऱ्यांनी आणि पेसमेकर असलेल्यांनी विशेष जपावे.

● 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या नावाखाली डोळे बांधून वाचायला शिकवणाऱ्या वर्गांना पैसे देऊ नका. नाकाजवळच्या फटीतून दिसते, एवढेच त्यामागचे गुपित आहे.

● मूल उशिरा बोलत असेल तर आधी कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. अंगणवाडीत किंवा शाळेत चौकशी करा.

● घरातल्या कुणाची वाचा अचानक गेली, तोंड वाकडे झाले, तर वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.

उद्या काय?

वाचा गेलेल्यांना बोलते करणारी यंत्रे सुधारत जातील, याबद्दल आम्हाला शंका नाही. प्रश्न आहे तो ती कुणाला मिळतील आणि मेंदूतले संकेत कुणाच्या ताब्यात राहतील, हा. चिली या देशाने २०२१ मध्ये मेंदूविषयीच्या माहितीला थेट राज्यघटनेत संरक्षण दिले. आपणही आतापासून विचारायला हवे, की हे उपचार सरकारी रुग्णालयात, गरिबाच्या खाटेपर्यंत कधी येणार? पट्ट्यासाठी बाजूला काढलेले पैसे तोवर पुस्तकांना लावा, आणि संध्याकाळचा अर्धा तास मुलाजवळ बसा.